केशवराव भोसले नाट्यगृह: जसंच्या तसं, की नव्यानं?

पंचगंगाकाठ

काल संध्याकाळी खासबागेवरून घरी येताना नाट्यगृहासमोर गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. दर्शनी दगडी भिंत आहे तशीच आहे. समोरून बघताना क्षणभर वाटतं की आत्ता तिसरी घंटा होईल आणि बाहेर चहा पिणारी माणसं पेले ठेवून आत पळतील.

बाहेरगावच्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी युरोपातली नाट्यगृहं पाहिली, रोममधलं दगडी रिंगण पाहिलं. परत आल्यावर कोल्हापुरात दोन गोष्टी उभ्या राहिल्या. १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर. एकाच आवारात मल्ल आणि नट. पुढे याच पॅलेस थिएटरला कोल्हापूरचे गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या सगळं गेलं, दगडी भिंती राहिल्या. सरकारनं २० कोटी जाहीर केले.

आमच्या नाट्यवेड्या मित्रांत यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, महाराजांच्या काळातली कमान न् कमान, कठडा न् कठडा परत हवा. दुसरा म्हणतो, एवढा खर्च होतोच आहे तर आजच्या काळाचं नाट्यगृह करून घ्या, जुन्याला किती दिवस कवटाळायचं. मी अजून कुठल्याच बाजूला नाही. तुमचं मत सांगा, आणि सांगताना तुमच्या गावच्या नाट्यगृहाचं काय झालं तेही सांगा.

भवानीमंडप

जसंच्या तसं म्हंजे जसंच्या तसं. दुसरा विषयच न्हाई भावा.

त्या रात्री आम्ही गल्लीतली सगळी पोरं पळत गेलो. ज्वाळा छपराच्या वर गेलेल्या. बंब येत हुते, पाणी मारत हुते, आणि बघणारी माणसं ढसाढसा रडत हुती. आमच्या शेजारच्या तात्यांनी जन्मात तिकीट काढून नाटक बघितलं नसंल, गडी कुस्तीच्या तालमीतला. त्यो बी रडत हुता. म्हणला, "महाराजांचं हुतं रं ते."

अक्षरवेल

वर लिहिलंय ते वाचून घशाशी आवंढा आला. मी कोल्हापूरची नाही, पण शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर पहिल्यांदा खऱ्या रंगमंचावर उभी राहिले ती तिथेच, राज्य नाट्य स्पर्धेत. दोन वाक्यांची भूमिका होती.

हौशी_नट

मी 'नव्यानं'च्या बाजूचा. रागावू नका, कारण सांगतो.

आम्ही हौशी मंडळी. वर्षात एक नाटक बसवतो, दिवसा नोकरी, रात्री तालीम. आमच्यासाठी नाट्यगृह म्हणजे भाडं, तारीख, डिमर (दिवे कमी-जास्त करायची यंत्रणा), माईक आणि रंगभूषेच्या खोलीत पाणी येतं का, एवढंच. एका जुन्या नाट्यगृहात (नाव घेत नाही, कोल्हापूरचं नव्हे) आमच्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात सगळे दिवे गेले. प्रेक्षकांनी मोबाईलचे दिवे लावले आणि आम्ही तो अंक त्याच उजेडात पूर्ण केला. टाळ्या खूप मिळाल्या, पण मागे एक सहकलाकार अंधारात लेव्हलवरून (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावरून) पडून तिचा पाय मुरगळला होता. वास्तू ऐतिहासिक होती, वायरिंगही तितकंच ऐतिहासिक होतं. तेव्हापासून मला कमानींपेक्षा स्विचबोर्ड आधी दिसतो.

चुन्याचा_घाणा

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पंचगंगाकाठ, तुमचे दोन तट मला मुळात एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. जुनी इमारत तीन थरांत बघावी लागते. पहिला थर जो उरला आहे, म्हणजे दगडी भिंती. दुसरा थर जो गेला पण ज्याचा आकार माहीत आहे: छपराची उंची, बाल्कनीचं वळण, रंगमंचाचं तोंड. तिसरा थर म्हणजे शंभर वर्षांत वेळोवेळी घातलेल्या वस्तू, तारा, कापड, फोम, खुर्च्या. पहिला थर जपायचा, दुसरा मापानं परत करायचा. तिसऱ्यासाठी मात्र कुणीही अश्रू ढाळू नयेत, तो पूर्ण आजचाच हवा.

जळलेल्या दगडाबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. दगड उभा दिसतो म्हणजे धडधाकट आहे असं नाही. तापलेल्या दगडावर बंबाचं गार पाणी पडलं की वरचा थर टरकतो, बारीक भेगा आत जातात. सांध्यातला जुना चुना उष्णतेनं भुसभुशीत होतो. म्हणून आधी दगड न् दगड वाजवून बघतात. हातोडीच्या टोकानं टकटक करायचं. घट्ट दगड खणखणीत बोलतो, सुटलेला दगड बद्द. हे काम एखादा मुरलेला गवंडी यंत्राच्या आधी सांगतो. आणि भेगांत सिमेंट कोंबलं की खेळ संपला. सिमेंट कडक, चुना मऊ. ओल आत अडकते आणि काही वर्षांत दगडाचीच कड फुटते.

छपराबद्दल: पूर्वीसारखं लाकूडच हवं असा हट्ट मी धरणार नाही. लोखंडी कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी चौकटी) घातल्या तरी चालेल. पण आतून उतार आणि उंची तीच ठेवायला हवी, कारण आवाज त्यावर ठरतो.

आणि हे सगळं करायला लागतात मापं. जुने नकाशे, फोटो, व्हिडिओ. तेच बहुतेक वेळा नसतात.

भवानीमंडप

घाणेसाहेब, आता कळलं. म्हंजे वरनं आमचं न् आतनं हौशी नटाचं. मला चालतंय.

हौशी_नट

मलाही चालतंय भावा. स्विचबोर्ड तेवढा माझ्या पसंतीचा. :)

मांडवीतीर

गोव्यातून लिहिते. आमच्या कला अकादमीचं उदाहरण इथे यायलाच हवं.

पणजीत कांपालला मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ही वास्तू १९८३ साली पूर्ण झाली. आत यायला दार म्हणून नाहीच. रस्त्यावरून चालत चालत तुम्ही सावलीखाली येता आणि समोर नदी दिसते. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात भिंतींवर जुन्या नाट्यगृहाचे सज्जे रंगवलेले आणि त्यात बसलेली चित्रातली माणसं, मारिओ मिरांडांच्या रेषेतली. लहानपणी नाटक कंटाळवाणं झालं की मी त्या माणसांकडे बघत बसायचे. एखादा प्रयोग अर्ध्या खुर्च्यांवर झाला तरी सज्जे कायम भरलेले!

२०२१ मध्ये नूतनीकरणासाठी ती बंद झाली. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये एका रात्री खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू उघडली, पण उघडल्यानंतरही आवाज आणि प्रकाशयोजना यांबद्दल कलाकारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. गोव्यातले नाटकवाले त्यासाठी एकत्र आले, भांडले, अजून भांडतात.

मला त्यातून एकच कळलं. आम्ही कलाकार जागे झालो ते काम होऊन गेल्यावर. कोल्हापूरकरांनो, तुमचं काम चालू असतानाच आत जा आणि विचारा.

पुणेरी_ओटा

मांडवीतीर यांच्याशी शंभर टक्के सहमत.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरावरून कित्येक वर्षं हाच वाद आहे. पाडून नवं बांधायचं, की आहे ते नीट करायचं. पाडायच्या बाजूनं बोलणाऱ्यांचेही मुद्दे खोटे नाहीत, वाहनतळ अपुरा आहे, सोयी जुन्या झाल्यात. पण ज्या वास्तूचा पायाचा दगड १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हातून बसला, ती पाडा असं म्हणताना माझी जीभ रेटत नाही. २६ जून १९६८ ला तिचं उद्घाटन झालं तेव्हा नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, नव्हते, आदल्याच वर्षी गेले होते.

अवांतर: २६ जून ही बालगंधर्वांची जन्मतारीख, आणि शाहू महाराजांचीही. महाराज १८७४, नारायणराव १८८८. कोवळ्या वयातल्या नारायणाचा कान बिघडला तेव्हा महाराजांनीच मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्याच्यावर उपचार करवले. तो कान बरा झाला नसता तर मराठी रंगभूमीचं काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

नांदी_आजी

पुणेरी ओटा, तुम्ही कानाची आठवण काढलीत म्हणून लिहायला बसले. नातीला सांगून टंकते आहे, चुका पोटात घाला.

केशवरावांबद्दल इथल्या तरुण मुलांना फार माहिती नसावी. कोल्हापूरचं पोर. लहान वयात नाटक कंपनीत गेलं, 'संगीत शारदा'मध्ये शारदा झालं. त्या कोवळ्या गळ्यातलं 'मूर्तिमंत भीती उभी' ऐकून बायका पदर डोळ्यांना लावायच्या असं माझ्या आजीकडून ऐकलं आहे. १९०८ साली, वय अठराही पूर्ण नाही, तेव्हा त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची कंपनी काढली. पुढे मामा वरेरकरांचं 'हाच मुलाचा बाप' त्यांनीच रंगभूमीवर आणलं. हुंड्यावरचं नाटक. संगीत नाटकवाल्या कंपनीनं असा विषय घ्यायचा म्हणजे छाती लागते.

आणि ८ जुलै १९२१ चं मुंबईतलं संयुक्त 'मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन मालक, एकमेकांचे स्पर्धक, देशासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वरानं गेले. एकतीस वर्षांचं वय.

मला प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे ते असं. ही माणसं ध्वनिक्षेपकाशिवाय गात होती. मी स्वतः पॅलेस थिएटरात पायपेटीच्या साथीनं पदं म्हटली आहेत. सूर सोडला की तो समोर जाऊन बाल्कनीला टेकायचा आणि अर्ध्या श्वासात परत यायचा. परत आलेला सूर ऐकून गायकाला कळतं की आपण बरोबर आहोत. आता कुठेही गेले तरी पायाशी ठेवलेल्या डब्यातून माझाच आवाज माझ्यावर आदळतो. तुम्ही लोखंड घाला, लाकूड घाला, वाटेल तो रंग द्या. तो परत येणारा सूर तेवढा जागेवर ठेवा.

अक्षरवेल

आजी, नमस्कार. 🙏

चुन्याचा_घाणा

आजींनी दोन ओळींत सांगितलं ते आमच्याकडे नकाशात मांडायला आठवडे लागतात. गाण्याला आवाज थोडा रेंगाळलेला हवा असतो, संवादाला तो लवकर विरलेला हवा असतो. संगीत नाटकाला दोन्ही एकाच रात्री हवं. जुन्या नाट्यगृहांत लाकूड, कापड, माणसं आणि छपराची उंची यांतून तो मेळ बसायचा. नूतनीकरणात भिंतींना सरसकट आवाज शोषणारे तक्ते ठोकले की संवाद स्वच्छ होतो, पण गाणं मरतं. मग माईक आलाच.

सातासमुद्रापार

वाचतोय, आणि व्हेनिसची आठवण येतेय. तिथलं ला फेनिचे हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ ला जळालं, तेव्हाही आत दुरुस्तीचंच काम चालू होतं. गावानं ठरवलं: होतं तसं, होतं तिथं. २००३ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं. गंमत म्हणजे हे ऑपेरागृह १८३६ मध्येही जळून पुन्हा उभं राहिलं होतं, आणि फेनिचे म्हणजे फिनिक्स पक्षी.

घाणेसाहेब मापांबद्दल म्हणाले ते तिथेही घडलं. बारीक नक्षीकाम कसं होतं हे कळायला त्यांनी लुकिनो व्हिस्कोंतीच्या 'सेन्सो' या १९५४ च्या चित्रपटातली दृश्यं अभ्यासली, कारण सुरुवातीचा प्रसंग त्याच नाट्यगृहात चित्रित झाला होता. म्हणजे एका सिनेमावाल्यानं नकळत नाट्यगृहाचा दस्तऐवज करून ठेवला होता.

बार्सिलोनाचं लिसेउ १९९४ च्या जानेवारीत जळालं आणि १९९९ मध्ये उघडलं. त्यांनी प्रेक्षागृह जुन्यासारखं केलं आणि रंगमंचामागची सगळी यंत्रणा नवी, मोठी, आधुनिक. भवानीमंडप म्हणतात तेच, वरनं जुनं न् आतनं नवं.

भवानीमंडप

बघा, बार्सिलोनावाल्यांनी माझंच ऐकलं.

ठाणे_तलावपाळी

आमचं गडकरी रंगायतन १९७८ चं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नूतनीकरणाला बंद झालं आणि २०२५ च्या १५ ऑगस्टला उघडलं. दहा महिने. तेवढ्या काळात आम्हाला नाटकासाठी मुलुंड नाहीतर घाणेकर नाट्यगृह गाठावं लागायचं, आणि आईबाबांचं नाटक बघणं जवळपास बंदच झालं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांना तलावपाळीपर्यंत चालत जाणं जमतं, त्यापुढे नाही. आता पुन्हा रविवारी दुपारी दोघं तयार होऊन बसतात.

म्हणून कोल्हापूरकरांना माझं सांगणं: सुंदर करा, पण लवकर करा. एका पिढीची नाटक बघायची सवय मोडली तर ती परत लागत नाही.

हौशी_नट

ठाणे तलावपाळी, सवयीबद्दल अगदी खरं. बघणाऱ्यांची मोडते तशी करणाऱ्यांचीही मोडते. माझ्या ओळखीचा एक गट गेल्या वर्षी शाळेच्या सभागृहात स्पर्धेची तालीम करत होता. मंच इतका उथळ की तीन पायऱ्यांचा जिना लावला की नटाला उभं राहायला जागा उरेना. शेवटी त्यांनी जिनाच संहितेतून काढला. नाटक होतं, पण लहान होत जातं.

राजाराम_तलाव

विषय गंभीर आहे, पण मध्यंतर झालंच पाहिजे. बालगंधर्वचा बटाटेवडा मोठा, की शिवाजी मंदिरचा?

पुणेरी_ओटा

यात चर्चेला जागा नाही. बालगंधर्व.

ठाणे_तलावपाळी

शिवाजी मंदिर. दादरला उतरल्यावर वास स्टेशनपर्यंत येतो.

मांडवीतीर

तुम्ही आमच्याकडे मध्यंतराला पाव-भाजी खाऊन बघा, मग बोला.

भवानीमंडप

नवीन नाट्यगृहात मध्यंतराला वडा असू दे नाहीतर कट-वडा, पण चहाचा पेला काचेचाच पाहिजे. कागदाच्या पेल्यात चहा पिऊन नाटकावर चर्चा हुईत न्हाई.

विंगेतला

चार दिवस धागा वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. मी नेपथ्य लावतो. बत्तीस वर्षं. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंती, बांधणं, टेम्पोत भरणं, गावोगाव नेऊन उभे करणं, प्रयोग संपला की अर्ध्या तासात सोडवणं.

वर सगळ्यांनी प्रेक्षागृह, आवाज, भिंती यांवर लिहिलं. मागच्या दाराबद्दल कुणी बोललं नाही. नाट्यगृह बांधणारा नेहमी पुढच्या दारानं येतो. मागच्या दारानं आलेला माणूस मी अजून बघितला नाही.

सांगतो मागच्या दाराचं काय असतं. एका शहरात नवंकोरं, दिमाखदार नाट्यगृह झालं. नाव सांगत नाही. आम्ही उद्घाटनानंतरच्या पहिल्याच आठवड्यात गेलो. पुढे संगमरवर, झुंबर, कारंजं. मागे गेलो तर सामान आत घ्यायचं दार आमच्या फ्लॅटपेक्षा वीतभर बुटकं. आणि दारातून आत शिरलं की लगेच काटकोनात वळण. आठ फुटी फ्लॅट वळेना. शेवटी भर उन्हात रस्त्यावर फ्लॅट कापला, आत नेऊन परत जोडला, वर पट्टी मारली. प्रयोगात दिवाणखान्याच्या भिंतीवर मधोमध ती पट्टी दिसत होती आणि मला मान वर करवत नव्हती. प्रेक्षकाला वाटलं असेल, सुतार वाईट आहे.

विंग, म्हणजे रंगमंचाच्या बाजूची आडोशाची जागा, खोल नसते. नट बाहेर आला की दोन पावलांवर भिंत. दुसऱ्या प्रवेशाची पलंग-कपाटं कुठं ठेवायची? मग ती पॅसेजमध्ये येतात, बाहेर पडायच्या वाटेवर. रंगभूषेच्या खोल्या वरच्या मजल्यावर. नऊवारी नेसलेली, दागिने घातलेली बाई अंधारात अरुंद जिना उतरून एंट्रीला पळते. बॅकस्टेजच्या पोरांना बसायला जागा नाही, झोपायला तर नाहीच. रात्री प्रयोग संपवून पुढच्या गावी पहाटे पोचलं की आम्ही फ्लॅटवर पोती टाकून झोपतो.

पॅलेस थिएटरबद्दल माझं ऋण आहे. तिथं मी पहिल्यांदा एकट्यानं सेट लावला. त्या रंगमंचाच्या पाठीशी खासबाग. दुपारी विंगेत खिळे मारत असताना पलीकडे मैदानाची माती डोळ्यांसमोर यायची आणि वाटायचं, तिकडे पैलवान घाम गाळतो, इकडे आपण. महाराजांनी दोघांना एकाच आवारात जागा दिली. घाम गाळणाऱ्याची आठवण ठेवणारा तो राजा होता. नवीन बांधणाऱ्यांनी फक्त त्याची कमान उचलू नये, ही आठवणसुद्धा उचलावी.

अक्षरवेल

विंगेतला काका, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. इतकी वर्षं नाटकं बघते, पण मागच्या दाराचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

नांदी_आजी

बाळा, अंधारातल्या जिन्याचं लिहिलंस ते मी भोगलेलं आहे. 'सौभद्र'च्या प्रयोगाला पायरी चुकले आणि बांगड्या फुटून हाताला रक्त आलं. तसंच पुसून रुक्मिणीचं पद म्हटलं.

चुन्याचा_घाणा

विंगेतला यांनी पॅसेजमधल्या सामानाचा उल्लेख केला, त्यावर थांबायला हवं, कारण ती आगीचीच गोष्ट आहे.

१९०३ साली शिकागोचं इरॉक्वॉ थिएटर जळालं. महिनाभरापूर्वी उघडलेलं, 'अग्निरोधक' म्हणून जाहिरात केलेलं. ६०० हून अधिक माणसं गेली, त्यात बायका-मुलं फार. रंगमंचावर दिव्यानं पडदा पेटला. आग अडवणारा सुरक्षापडदा खाली येताना अर्ध्यात अडकला, बाहेरची दारं उघडेनात. आपल्याकडे १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसं गुदमरून गेली, तिथंही जास्तीच्या खुर्च्यांनी वाट अडवलेली. कोल्हापुरात त्या रात्री प्रयोग चालू नव्हता, हे आपलं मोठं नशीब.

त्यामुळे रंगमंचाच्या माथ्यावर धूर बाहेर सोडणारी झडप, प्रेक्षागृह आणि रंगमंच यांच्यामध्ये सुरक्षापडदा, आगरोधक प्रक्रिया केलेलं कापड आणि ती प्रक्रिया दर काही वर्षांनी पुन्हा करण्याची शिस्त, या गोष्टींना 'नंतर बघू' म्हणता येणार नाही. आणि विंगेत पुरेशी जागा असणं हीसुद्धा अग्निसुरक्षाच आहे. जागा असेल तर पलंग वाटेत येणार नाही. हे मी इतकी वर्षं काम करून आज विंगेतला यांच्याकडून शिकलो.

सातासमुद्रापार

एक शंका. विंग वाढवायची, मागचं दार मोठं करायचं, तर जुन्या भिंतींचं काय? जागा कुठून आणणार? 'जसंच्या तसं'वाल्यांना इथे काहीतरी सोडावं लागेल.

भवानीमंडप

सोडू की. बायामाणसं अंधारात पडणार असतील तर कसली कमान घेऊन बसलाय. आजींच्या हाताला रक्त आलं तर महाराजांना चाललं असतं व्हय? पण समोरच्या दगडाला हात लावायचा न्हाई, एवढं लिहून घ्या.

हौशी_नट

आणि भाडं. इतका खर्च झाला की 'आता दर वाढवणं भाग आहे' असं कुणीतरी म्हणणारच. व्यावसायिक नाटकाला परवडेल, लग्नाच्या स्वागत समारंभालाही परवडेल. स्पर्धेतल्या पोरांना परवडणार नाही. केशवराव, बाबूराव पेंटर, आनंदराव पेंटर ही सगळी कोल्हापूरची माणसं कुणाच्या तरी आधारानं उभी राहिली. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले त्याआधी आनंदरावांबरोबर नाटकांचे पडदेच रंगवत होते. पडदा रंगवायला जागा मिळाली म्हणून पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी झाली, १९२० मध्ये 'सैरंध्री' झाला. हौशी संस्थांसाठी वर्षातले ठरावीक दिवस कमी दरात राखून ठेवले नाहीत, तर आपण सुंदर दगडी सभागृह बांधू, नाट्यगृह नव्हे.

मांडवीतीर

हौशी नट, हा मुद्दा लेखी द्या. तोंडी बोललेलं राहत नाही, हे आम्ही अनुभवलं आहे.

पंचगंगाकाठ

धागा काढला तेव्हा मला वाटलं होतं दोन बाजूंचं मतदान होईल आणि मी जास्त मतांकडे जाईन. आता माझाच प्रश्न मला अपुरा वाटतोय. जसंच्या तसं की नव्यानं, हे मी पहिल्या रांगेत बसून विचारलं होतं. आजींनी ते रंगमंचावरून पाहिलं, विंगेतला यांनी मागच्या दारातून.

आमच्या गटात परवा बोललो. एक निवेदन तयार करतोय, कामाची पाहणी करायला कलाकार आणि तंत्रज्ञ यांना नियमित आत येऊ द्यावं म्हणून. त्यात चार गोष्टी आत्ता धरल्या आहेत: दर्शनी दगड चुन्यातच दुरुस्त व्हावा, माईकशिवाय गाणं ऐकून मगच भिंतींचे तक्ते ठरावेत, विंग आणि मागचं दार नेपथ्यवाल्यांना दाखवून पक्कं व्हावं, हौशी संस्थांचे दिवस राखीव असावेत. अग्निसुरक्षेचा परिच्छेद घाणेसाहेब लिहून देणार आहेत.

अडलंय ते एका ठिकाणी. आगीच्या आधी रंगमंच नेमका केवढा होता, विंग किती खोल होती, मागून सामान कुठून कसं चढायचं, याची आमच्याकडे फक्त आठवण आहे. कुणाकडे लग्न-मुंजीसारखे फोटो नव्हे, उपयोगी पडतील असे कागद आहेत का? नाटकाचं चित्रीकरण? रंगमंचाचा आराखडा?

विंगेतला

आहेत.

नेपथ्य लावणारा प्रत्येक माणूस वही ठेवतो. नवीन नाट्यगृहात गेलं की पहिलं काम टेप धरायचा. रंगमंचाचं तोंड, खोली, डावी विंग, उजवी विंग, बॅटनची (दिवे-पडदे टांगायच्या दांडीची) उंची, कितवी फळी दबते, दार किती रुंद, टेम्पो कुठपर्यंत येतो. पुढच्या वेळी त्या मापानं फ्लॅट कापायचा. माझ्या वहीत सगळ्या महाराष्ट्राची नाट्यगृहं आहेत. पॅलेस थिएटरची तीन पानं आहेत, कारण मधल्या नूतनीकरणानंतर मी परत मापलं होतं. जुनी मापं एका पानावर पेन्सिलीत, नवी शेजारी पेनानं.

चुन्याचा_घाणा

काका, ती वही जपून ठेवा. कृपा करून कुणालाही उसनी देऊ नका. पानांचे सरळ वरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा. पेन्सिलीचं पान आधी.

विंगेतला

वही गोडाऊनमध्ये आहे, पत्र्याच्या ट्रंकेत. उद्या सकाळी जातो. फूटपट्टी नाही माझ्याकडे, टेप ठेवला तर चालेल?

चुन्याचा_घाणा

टेपच ठेवा.